चार नंबरचा माइक

पाटोवर तिसऱ्या मजल्याला, काचेच्या अलीकडे,
माझ्या बोटांखाली चार माणसं असतात.
वर सरकवलं की बोलतात,
खाली ओढलं की नुसते ओठ हलतात,
मांडवीतल्या शेवट्यांसारखे.

उल्हासबाबची भाषा मला त्याच्या पेनावरून कळते.
पेन आडवं : भांडू दे त्यांना.
पेन उभं : पुरे, बारीक कर.
आणि चष्मा काढून पुसायला घेतला की
तो मोठ्यानं म्हणणार,
"बोला, बोला, तुम्हाला कोणी अडवलंय?"
ते अडवणं माझ्याकडे.

वाईट माणूस नाही.
माझ्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला
न मागता पैसे दिले होते त्यानं.
शो संपला की घसा धरून बसतो,
ज्येष्ठमध चघळत, कोणाशी न बोलता.

काल विषय डोंगरकापणी.
एक नंबरला प्रवक्ते शिरवईकर,
दोनला आर्किटेक्ट बार्रेटोबाई,
तीनला फोनवर मडगावचे वकील,
जे "मला पूर्ण करू द्या" इथूनच सुरुवात करतात,
आणि चारला, सत्तरीहून गाडी पाठवून आणलेली
शेवंती गांवकर.
माइक नेमका कुठे लावावा म्हणून
मेकअपची लवीना जरा अडखळली,
मग पदराच्या पिनेला लावला.

"शेवंतीबाय, एका शब्दात सांगा, विकास हवा की नको?"
"आमच्या बांयचं सांगू का आधी?"
"हो की नाही?"
"ती बांय माझ्या सासऱ्याच्या बापानं…"
पेन उभं.
चार नंबर मी खाली घेतला.

मग बाकीचे पेटले.
बिल्डर तुमचा, सही तुमची, फाइल कोणाच्या टेबलावर,
वकील फोनवरून दोघांच्या मध्ये.
उल्हासबाब ओरडतोय, "एकेकानं! एकेकानं!"
आणि पेन?
आडवं.
मीटर लाल. असा लाल राहिला की
वरच्या केबिनमधून मेसेज येतो : मस्त चाललंय.

ब्रेक. साडेतीन मिनिटं.
दोनदा मसाला, एकदा सोन्याचं दुकान,
एकदा डोंगरउतारावरचे व्हिला, समुद्र दिसणारे.
शिरवईकरांनी बार्रेटोबाईंना विचारलं,
पोरीचं पोर्तुगालचं झालं का?
कुठे हो, कागद अडकलेत.
उद्या फोन करा मला.

ब्रेक म्हणजे काय
हे शेवंतीबायला कोणी सांगितलंच नव्हतं.
ती बोलत होती
विझलेल्या कॅमेऱ्याकडे सरळ बघून,
आणि माझ्या हेडफोनात फक्त ती.
अठरा हात खोल बांय.
फेब्रुवारीत तळाला लाल गाळ,
मार्चात घागर दगडावर वाजली.
वर जेसीबी दिवसा झोपायचा, रात्री उठायचा.
तलाठ्यानं नकाशा उघडून दाखवला, त्यात बांयच नाही.
"म्हणजे इतकी वर्षं आम्ही
कागदाबाहेरचं पाणी प्यायलो,"
म्हणाली, आणि हसली चक्क.
पदर सारखा केला.
"जालें. इतलेंच."

तीन. दोन. एक.
"चर्चेत पुन्हा स्वागत. शेवंतीबाय,
तुमच्याकडे तीस सेकंद."
मी चार नंबर वर केला, पुरता वर.
तिनं त्याच्याकडे पाहिलं,
एकाच प्रवासात दुसऱ्यांदा तिकीट मागणाऱ्या
कंडक्टरकडे बघावं तसं.
"आतांच सांगलें न्हय?"

उल्हासबाब चष्मा पुसायला लागला.
या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही.

रात्री चोडणच्या फेरीत
स्कूटरवर बसल्या बसल्या एक पोरगा
तोच तुकडा मित्राला दाखवत होता,
बघ कसला राडा झालाय.
कोपऱ्यातल्या चौथ्या चौकटीत
शेवंतीबायचे ओठ हलत होते.
ही काय म्हणतेय, मित्रानं विचारलं.
पोरानं आवाज शेवटपर्यंत वाढवला,
फोन कानाला लावला.

मी कठड्यावरचा हात काढून
खिशात घातला.